अल्फा-बी क्रिस्टलिनची कुपी तालुक्याच्या प्रयोगशाळेत: मागणीपासून मोजणीपर्यंत

पुनःसंयोजित (म्हणजे मानवी जनुक जिवाणूत घालून बनवलेल्या) मानवी प्रथिनाची कुपी प्रथमच हाताळणाऱ्याला सर्वांत आधी जाणवते ती ही अडचण, की तिच्यात काही दिसतच नाही. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाच्या एक-दोन कणांएवढे वजन. शीत-शुष्कन केल्यावर ते कुपीच्या तळाशी किंवा झाकणाला पातळ पापुद्र्यासारखे चिकटून बसते. माझ्या एका विद्यार्थ्याने अशी कुपी रिकामी समजून परत पाठवण्याच्या ढिगात ठेवली होती, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता, कारण पाहावे कुठे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. विदर्भातल्या तालुक्याच्या महाविद्यालयात जैवरसायनशास्त्र शिकवताना, अल्फा-बी क्रिस्टलिन हे डोळ्याच्या भिंगातले प्रथिन इन्सुलिनच्या गुठळ्या किती थोपवते हे मोजण्याचा प्रयोग मी काही वर्षे करून घेत आलो आहे. साधा वर्णपटमापी (स्पेक्ट्रोफोटोमीटर), घरगुती फ्रीज, अधूनमधून जाणारी वीज आणि नवतपातले ऊन एवढ्याच भांडवलावर काम करणाऱ्या शिक्षकांसाठी आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी मी हे लिहीत आहे.

हेच प्रथिन का

प्रथिनांच्या घडीला (म्हणजे साखळी योग्य आकारात दुमडण्याला) मदत करणारी आणि त्यांच्या गुठळ्या होऊ न देणारी प्रथिने अनेक आहेत. त्यांपैकी एचएसपी ७० (एचएसपी म्हणजे उष्णताघात प्रथिन) सर्वांत प्रसिद्ध आहे, परंतु त्याला एटीपी हे पेशीला ऊर्जा पुरवणारे रसायन लागते, सोबतीला एचएसपी ४० लागते, आणि घडी पूर्ववत झाली हे दाखवण्यासाठी एखाद्या विकराची (एन्झाइमची) क्रिया मोजावी लागते. पार्किन्सनच्या आजारात गोळा होणारे अल्फा-सिन्युक्लीन निवडले, तर तंतू तयार व्हायला कित्येक दिवस हलवत ठेवावे लागते आणि प्रतिदीप्तिमापी लागतो. अल्फा-बी क्रिस्टलिनला यातले काही लागत नाही. ते १७५ अमिनो आम्लांचे, सुमारे २० किलोडाल्टनचे लहान उष्णताघात प्रथिन आहे. त्याचे दोन डझनांच्या आसपास रेणू एकत्र येऊन मोठा समूह बनवतात, आणि दुसऱ्या प्रथिनाची घडी उसवू लागली की हा समूह त्याला धरून ठेवतो. त्याला एटीपीची गरज नाही. मात्र ते घडी परत घालत नाही, केवळ गुठळी होण्यापासून थोपवते. हा फरक विद्यार्थ्यांच्या मनात पहिल्याच दिवशी पक्का करावा, नाहीतर अहवालात ‘प्रथिन दुरुस्त झाले’ असे चुकीचे वाक्य येते.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हे प्रथिन जवळचे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. डोळ्याच्या भिंगातील प्रथिनांपैकी सुमारे ४० टक्क्यांपर्यंत वाटा अल्फा क्रिस्टलिनचा असतो, आणि त्यात अल्फा-ए व अल्फा-बी ही भावंडे साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. भिंगाच्या गाभ्यातील पेशींना नवे प्रथिन तयार करता येत नाही. जन्माच्या वेळी असलेले प्रथिनच म्हातारपणापर्यंत पुरवावे लागते. त्याच्या गुठळ्या होऊन प्रकाश विखुरला जाऊ लागला की आपण त्याला मोतीबिंदू म्हणतो. ज्याच्या आजीला गावातल्या नेत्रशिबिरातून तालुक्याला नेऊन शस्त्रक्रिया झाली आहे, अशा मुलाला परीक्षानळीतला गढूळपणा दाखवला की प्रकाशाचे विखुरणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अल्फा क्रिस्टलिन इतर प्रथिनांच्या गुठळ्या रोखते हे जोसेफ हॉर्विट्झ यांनी १९९२ साली दाखवले. या लेखातला प्रयोग त्याच वाटेवरचा आहे.

गडचिरोली आणि चंद्रपूरकडची मुले येथे हमखास सिकलसेलचा प्रश्न विचारतात, आणि तो योग्यच असतो. सिकल हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते आणि ऑक्सिजन सुटल्यावर रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात. परंतु तेथे प्रथिनाची घडी उसवलेली नसते, व्यवस्थित घडी असलेलेच रेणू साखळीत गुंफले जातात. म्हणून अल्फा-बी क्रिस्टलिनचा संबंध तेथे जोडू नये. आणि कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते त्याचा अर्थ शब्दशः घ्यावा: हे औषध नाही, डोळ्यात घालण्याचे तर मुळीच नाही. गावात बातमी लवकर पसरते, त्यामुळे हे मी दरवर्षी वर्गात स्पष्टपणे सांगतो.

मागणी केव्हा आणि कशी करावी

मागणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावी, आणि माल सोमवारी किंवा मंगळवारी निघेल असे पुरवठादाराकडून लेखी मागून घ्यावे. नागपूरहून पुढे येणारी पार्सले शनिवार-रविवारी कुठेतरी गोदामात पडून राहतात, आणि बर्फाच्या पिशव्या तेवढे दिवस टिकत नाहीत. जमल्यास नागपुरातील कोणा ओळखीच्या व्यक्तीला पार्सल उतरवून घ्यायला सांगून ते थर्मोकोलच्या डब्यात नव्या बर्फपिशव्यांसह एसटीने स्वतः आणावे; अर्धा दिवस जातो, परंतु निर्धास्तपणा लाभतो. शक्य असेल तेथे द्रवरूप प्रथिनापेक्षा शीत-शुष्क भुकटी मागवावी, कारण प्रवासातील उष्णता ती द्रावणापेक्षा पुष्कळच चांगली सोसते.

माहितीपत्रकात चार गोष्टी तपासाव्यात: प्रथिन कोणत्या जिवाणूत तयार केले (बहुधा ई. कोलाय असते), त्याला हिस्टिडीनचे शेपूट (शुद्धीकरणाच्या सोयीसाठी लावलेली हिस्टिडीन या अमिनो आम्लाची छोटी साखळी) जोडले आहे काय, भुकटीत ट्रेहालोजसारखी साखर किंवा मॅनिटॉल मिसळले आहे काय, आणि ते कोणत्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवायचे. जिवाणूत तयार झालेल्या प्रथिनावर मानवी पेशीत होणारे फॉस्फेटचे जोड नसतात, हेही वहीत लिहून ठेवावे. बैलाच्या भिंगातून काढलेले अल्फा क्रिस्टलिन स्वस्त असते, पण त्यात दोन्ही भावंडांचे मिश्रण येते. मानवी अल्फा-बीमध्ये सिस्टीन हे अमिनो आम्ल एकही नाही, तर अल्फा-एमध्ये ते आहे. पुढे आपण गंधकाचे बंध तोडणारे रसायन वापरणार आहोत, त्यामुळे शुद्ध अल्फा-बी असणे सोयीचे ठरते.

माहितीपत्रकातील आणखी एका शब्दप्रयोगाने आपल्याकडे फसगत होते. ‘खोलीचे तापमान’ म्हणजे तेथे २० ते २५ अंश सेल्सिअस अभिप्रेत असते. मे महिन्यात आपल्या प्रयोगशाळेत दुपारी ४० अंशांच्या वर पारा असतो आणि डिसेंबरच्या पहाटे तो १० अंशांपर्यंत उतरतो. म्हणून ‘खोलीच्या तापमानाला दहा मिनिटे ठेवा’ असे वाचले की तापमापी लावून पाण्याच्या भांड्यात ठेवावे, टेबलावर नव्हे.

कुपी उघडणे आणि वाटप

फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडू नये. थंड कुपीत बाहेरची हवा शिरली की भुकटीवर दव धरते. उन्हाळ्यात आपली हवा कोरडी असते हे खरे, परंतु खोलीत कुलर चालू असेल तर तीच हवा पावसाळ्यासारखी दमट होते. त्यामुळे कुपी उघडण्याआधी अर्धा तास कुलर बंद ठेवावा. बंद कुपी पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवून, मग अपकेंद्री यंत्रात अर्धा मिनिट फिरवून, झाकणाला चिकटलेला कण तळाशी आणावा आणि त्यानंतरच झाकण उघडावे.

१०० मायक्रोग्रॅम प्रथिनासाठी पत्रकात सांगितलेले बफर १०० मायक्रोलिटर, कुपीच्या भिंतीवरून हळूच सोडावे. नळी जोरात घुसळणारे व्होर्टेक्स यंत्र वापरू नये आणि पिपेटने जोरात वर-खाली करून फेस आणू नये, कारण हवा आणि पाणी जेथे भेटतात त्या पृष्ठभागावर प्रथिनाची घडी उसवते. दहा मिनिटे थांबून कुपी बोटांनी सावकाश फिरवावी. नंतर अपकेंद्री यंत्रात १०,००० जी बलाने (गुरुत्वाच्या १०,००० पट) दहा मिनिटे फिरवून वरचे स्वच्छ द्रावण नव्या नळीत घ्यावे. आधीच झालेल्या गुठळ्या तळाशी राहतात आणि मोजणीत लुडबुड करत नाहीत. सूक्ष्म क्युव्हेट (वर्णपटमापीत ठेवायचे छोटे पारदर्शक पात्र) उपलब्ध असेल तर २८० नॅनोमीटरला शोषण पाहावे: शेपूट नसलेल्या अल्फा-बीच्या प्रति मिलिलिटर १ मिलिग्रॅम द्रावणाचे १ सेंटिमीटर मार्गातले शोषण सुमारे ०.६९ येते. पुष्कळच कमी आले तर प्रथिन विरघळलेले नाही किंवा तळाशी गेले आहे असे समजावे.

आता मी एक हिशेब मांडतो, कारण पैसा आणि प्रथिन दोन्ही येथेच वाचते. १ मिलिलिटरच्या नेहमीच्या क्युव्हेटमध्ये प्रयोग केला तर एकाच मोजणीत २५० मायक्रोग्रॅम अल्फा-बी संपते, म्हणजे अडीच कुप्या. तोच प्रयोग १०० मायक्रोलिटरमध्ये, एलायझा रीडरच्या (प्रत्येक खळग्यातून जाणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या) ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये केला, तर एका खळग्याला २५ मायक्रोग्रॅम पुरतात. एलायझा रीडरमध्ये ४०५ नॅनोमीटरचा फिल्टर बहुधा असतोच, आणि महाविद्यालयात यंत्र नसले तरी तालुक्याच्या एखाद्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत विनंती करून पाहायला हरकत नाही. गढूळपणा ३६० नॅनोमीटरला अधिक ठळक दिसतो, पण ४०५ लाही काम होते. प्लेटमध्ये प्रकाशाचा मार्ग लहान असल्याने आकडे क्युव्हेटपेक्षा कमी येतील, म्हणून तुलना एकाच प्लेटमधल्या खळग्यांचीच करावी.

या मापाने १०० मायक्रोग्रॅमची कुपी एका दिवसाच्या प्रयोगात पूर्ण वापरली जाते आणि गोठवण्याचा प्रश्नच उरत नाही. विजेचा भरवसा नसलेल्या ठिकाणी माझा सल्ला ठाम आहे: मोठी कुपी स्वस्त पडते म्हणून घेऊ नये, लहान कुप्या घ्याव्यात आणि उघडलेली त्याच दिवशी संपवावी. एके वर्षी मी मोठी कुपी घेतली आणि द्रावण घरगुती फ्रीजच्या बर्फ न धरणाऱ्या कप्प्यात ठेवले. असा कप्पा बर्फ वितळवण्यासाठी मधूनमधून स्वतःच गरम होतो, हे मला ठाऊक नव्हते. दीड महिन्याने नळीत पांढरे तंतू तरंगत होते आणि पूर्ण वर्गाचे सत्र वाया गेले.

तरीही साठवणे भागच असेल, तर एका वेळेला लागेल तेवढेच २५ मायक्रोलिटरचे भाग करून ते झटकन गोठवावेत. द्रवरूप नायट्रोजन आपल्या तालुक्यात मिळत नाही असे बहुतेकांना वाटते, परंतु पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या कृत्रिम रेतन केंद्रांत गोठवलेले वीर्य त्याच नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना ठेवलेले असते. रीतसर पत्र देऊन थोडा मागता येतो. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, चष्मा व जाड हातमोजे वापरावेत, आणि बंद नळी पूर्ण बुडवू नये, केवळ तळाचा भाग टेकवावा. त्यानंतर भाग उणे ८० अंशांना ठेवणे उत्तम. नागपूर किंवा अमरावतीच्या विद्यापीठ विभागात ओळख असेल तर मुख्य साठा तेथे ठेवण्याची विनंती करावी आणि आपल्याकडे एक-दोनच भाग आणावेत.

आपल्या फ्रीझरवर पहारा ठेवण्यासाठी एक साधी युक्ती आहे. पेलाभर पाण्याचा बर्फ करून त्यावर रुपयाचे नाणे ठेवावे आणि पेला फ्रीझरमध्येच राहू द्यावा. सुटीवरून परतल्यावर नाणे बर्फात खाली गेलेले दिसले, तर मधल्या काळात वीज बराच वेळ गेली होती आणि सर्व वितळून पुन्हा गोठले आहे. अशा नळ्या प्रयोगात वापरू नयेत, वरून त्या कितीही स्वच्छ दिसल्या तरी.

रंगीत तालीम

महाग प्रथिनाला हात लावण्यापूर्वी पूर्ण प्रयोग एकदा स्वस्तात करून पाहावा. औषधाच्या दुकानात मिळणारे पारदर्शक रेग्युलर इन्सुलिन, मिलिलिटरला ४० युनिटचे, त्यासाठी चालते. त्यात मिलिलिटरला सुमारे १.४ मिलिग्रॅम इन्सुलिन असते. दुधाळ दिसणारे इन्सुलिन घेऊ नये, कारण त्यात प्रोटामाइन असते आणि ते आधीच गढूळ असते. १८० मायक्रोलिटर इन्सुलिन, ७२० मायक्रोलिटर फॉस्फेट बफर (५० मिलिमोलर फॉस्फेट, १०० मिलिमोलर मीठ, पीएच ७.४) आणि शेवटी २०० मिलिमोलर डायथायोथ्रेइटॉल म्हणजे डीटीटी १०० मायक्रोलिटर, असे १ मिलिलिटर मिश्रण ३७ अंशांच्या पाण्यात ठेवावे. इन्सुलिनच्या २१ अमिनो आम्लांच्या ए साखळीला ३० अमिनो आम्लांच्या बी साखळीशी जोडणारे गंधकाचे बंध डीटीटी तोडते. सुटी झालेली बी साखळी पाण्यात टिकत नाही आणि काही मिनिटांत नळी ताकासारखी दिसू लागते. नळीमागे वर्तमानपत्र धरले तर अक्षरे पुसट होत जातात. दुसऱ्या नळीत बफरचा ५० मायक्रोलिटर भाग कमी करून तेवढेच, मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असे शुद्ध केसीनचे द्रावण घालावे. दुधातील या प्रथिनातही गुठळ्या थोपवण्याचा गुण आहे, त्यामुळे ती नळी पहिलीपेक्षा स्वच्छ राहिली पाहिजे. दुकानातील इन्सुलिनमध्ये परिरक्षके व जस्त असल्यामुळे हे केवळ तालमीपुरते ठेवावे. अहवालात त्याचे आकडे घालू नयेत.

प्रत्यक्ष मोजणी

खऱ्या प्रयोगासाठी शुद्ध इन्सुलिनची भुकटी २० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम अशी विरघळवावी. उदासीन पीएचला ती नीट विरघळत नाही. डीटीटी त्याच दिवशी तयार करावे, १ मिलिलिटर पाण्यात ३१ मिलिग्रॅम. हवेत ते निकामी होते, आणि प्रयोग फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण शिळे डीटीटी हेच असते. त्याचा वास उग्र असतो आणि ते त्वचेला झोंबते, म्हणून हातमोजे घालावेत.

प्रत्येक खळग्यात एकूण १०० मायक्रोलिटर असावे: इन्सुलिन ५, अल्फा-बी किंवा त्याचे बफर मिळून २५, फॉस्फेट बफर ६० आणि डीटीटी १०. ज्या खळग्यात अल्फा-बी कमी किंवा शून्य आहे, तेथे उरलेली जागा अल्फा-बी ज्या बफरमध्ये विरघळवले त्याच बफरने भरावी, पाण्याने नव्हे. साखर किंवा ग्लिसरॉलदेखील गुठळ्या मंदावू शकते. ती सर्व खळग्यांत सारखी असेल तरच दिसलेला फरक अल्फा-बीचा आहे असे म्हणता येते. मांडणी अशी करावी: अल्फा-बीविना इन्सुलिन व डीटीटी, दोन खळगे, २५ मायक्रोग्रॅम अल्फा-बीसह दोन, १२.५ मायक्रोग्रॅमसह दोन. त्याच वजनाच्या, म्हणजे २५ मायक्रोग्रॅम, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनसह (गुरांच्या रक्तातील प्रथिनासह) दोन. डीटीटीविना इन्सुलिनचा एक, आणि इन्सुलिनविना १२.५ मायक्रोग्रॅम अल्फा-बी व डीटीटीचा एक. शेवटच्या दोहोंत कमी पडणारे आकारमान फॉस्फेट बफरने भरून काढावे. यात ८७.५ मायक्रोग्रॅम अल्फा-बी लागते, आणि उरलेले पिपेटच्या टोकांना व अपकेंद्रणात जाते. अल्ब्युमिनचा खळगा खर्च वाचवण्यासाठी गाळू नये: कोणतेही प्रथिन घातल्याने थोडाफार फरक पडू शकतो, आणि अल्फा-बीचा परिणाम त्याहून बराच मोठा आहे हे त्या खळग्याविना सिद्ध होत नाही.

डीटीटी सोडून सर्व घटक एकत्र करून प्लेट ३७ अंशांना दहा मिनिटे ठेवावी. आपल्या कोरड्या हवेत १०० मायक्रोलिटर द्रावण तासाभरात जाणवण्याइतके उडते, म्हणून कडेच्या रिकाम्या खळग्यांत पाणी भरावे आणि झाकण लावावे. भारनियमनाची वेळ पाहून, यंत्र इन्व्हर्टरवर घेऊन, मगच डीटीटी घालावे. त्यानंतरची ४५ मिनिटे पुन्हा मिळत नाहीत. बुडबुडा राहिला असेल तर स्वच्छ सुईने फोडावा, कारण बुडबुडाही प्रकाश विखुरतो. पहिले वाचन लगेच आणि नंतर दर मिनिटाला घ्यावे.

अल्फा-बीविना असलेल्या खळग्याचा आलेख काही मिनिटे सपाट राहून मग चढतो आणि शेवटी स्थिरावतो. त्यानंतर तो खाली उतरू लागला तर गुठळ्या तळाशी बसत आहेत; विद्यार्थी याला गुठळ्या विरघळल्या असे समजतात, म्हणून आलेखाचा हा उतरता भाग हिशेबात धरू नये. संरक्षणाचा टक्का काढताना अल्फा-बी असलेल्या खळग्यातील वाढीला अल्फा-बीविना खळग्यातील त्याच मिनिटाच्या वाढीने भागून, तो भागाकार एकातून वजा करून १०० ने गुणावे. चांगल्या प्रथिनाने समान वजनाला गढूळपणा बहुतांशी दाबला जातो आणि निम्म्या वजनाला तो अर्धवट दाबला जातो.

अपेक्षेप्रमाणे आले नाही, तर आधी डीटीटीविना असलेला खळगा पाहावा. तो स्वच्छ आणि अल्फा-बीविना खळगाही स्वच्छ असेल, तर डीटीटी निकामी आहे. इन्सुलिनविना अल्फा-बी असलेला खळगा गढूळ झाला असेल, तर प्रथिन आधीच गोळा झालेले आहे; अपकेंद्रण करून परत मोजावे. सर्व खळगे सारखेच गढूळ झाले, तर कुपीचा प्रवास, तारखा आणि फ्रीझरमधले नाणे यांची नोंद काढून पाहावी. म्हणूनच पार्सल उघडताना बर्फपिशवी घट्ट होती की वितळलेली, हे त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहिणे आवश्यक आहे.

काम झाल्यावर प्लेटमधील द्रावण बेसिनमध्ये ओतू नये, बंद बाटलीत जमा करावे. क्वार्ट्झचे क्युव्हेट वापरले असेल तर इन्सुलिनचा पांढरा थर केवळ पाण्याने निघत नाही, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने पंधरा मिनिटे भिजवून, ऊर्ध्वपातित पाण्याने पाच-सहा वेळा धुवावे आणि पालथे घालून सावलीत वाळवावे.